नाकवाल्यांच्या घरची झुरळं

झुरळं मारणाऱ्या माणसाला सहसा कोणी नावाने हाक मारत नाही. "झुरळवाला आलाय," असं आतल्या खोलीत ओरडून सांगतात, मुलांना उचलून घेतात आणि भांडी झाकतात. आपल्या या माणसाने मात्र बावीस वर्षांत निदान एवढं कमावलं होतं की लोक त्यांना नाकवाले म्हणत. मालक म्हणायचे, जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, आणि कंपनीच्या जाहिरातीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत तसं छापलेलंही होतं: आमच्याकडे नाकवाले आहेत.

आपल्या भाषेने नाकाला तशी फारशी चांगली कामं दिलेली नाहीत. ते कापलं जातं, मुरडलं जातं, नको तिथे खुपसलं जातं, आणि वेळ आलीच तर कोणाच्या तरी दारात घासावं लागतं. नाकाच्या जोरावर पोट भरणारा माणूस विरळाच. नाकवाले त्यांतले एक होते, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. दार उघडलं की ते लगेच आत शिरत नसत. उंबऱ्यावरच थांबायचे, पिशवी डाव्या हातात, डोळे मिटलेले. एक छोटा श्वास, मग एक लांब. घरातली माणसं आपसूक गप्प व्हायची. मग डोळे उघडून ते म्हणायचे, "फ्रिजच्या मागे. आणि थोडी वर, रद्दीच्या कपाटात." घरची बाई हमखास म्हणायची, "छे हो, फ्रिज नवा आहे." फ्रिज ओढला की तो नवेपणा चारी दिशांना पळत सुटायचा. एकदा एका निवृत्त मास्तरांच्या घरी त्यांनी चालू रेडिओकडे बोट दाखवलं. मास्तर चिडले. मागचं झाकण उघडलं तर चाळीसेक झुरळं बाहेर आली. मास्तरांनी पुढे महिनाभर बातम्या ऐकल्या नाहीत म्हणे.

कंपनीतले बाकीचे लोक घरभर फवारा मारून मोकळे व्हायचे. नाकवाल्यांचा फवाऱ्यावर विश्वास नव्हता. "फवाऱ्याने झुरळ मरत नाही, शेजाऱ्यांकडे राहायला जातं," असं त्यांचं म्हणणं. ते सिरिंजमधून औषधाचे मसुराएवढे थेंब ठेवायचे, दहा-बारा जागी, नाकाने सांगितलं तिथेच. झुरळ ते खातं, बिळात जातं, मरतं. मग बाकीची त्याला खातात आणि तीही मरतात. निघताना ते प्रत्येक घरात त्याच क्रमाने सांगायचे, "पंधरा दिवस पुसू नका. वरून फवारा मारू नका. आणि दिवसाढवळ्या झुरळ दिसलं तर मला फोन करा. झुरळ दिवसा फिरायला लागलं की समजावं, आत जागा उरलेली नाही."

आठ महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला. साधाच, चार दिवसांचा. पाचव्या दिवशी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला.

आधी त्यांना वाटलं, सर्दी आहे. आठवड्याने त्यांनी फिनेलची बाटली उघडून नाकाखाली धरली. काही नाही. पेट्रोल पंपावर खोल श्वास घेतला. काही नाही. शेवटी न्हाणीघराची कडी लावून स्वतःचे मोजे हुंगले, ज्यांच्याबद्दल बायकोची बावीस वर्षांची तक्रार होती. मोजे अगदी निरपराध निघाले. मग घरापासून लांबच्या एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तीन बाटल्या हुंगायला दिल्या आणि विचारलं, "कशाचा वास?" नाकवाल्यांनी तिन्ही वेळा सांगितलं, "पाणी."

"येईल परत," डॉक्टर म्हणाले. "काहींचं महिन्यात येतं, काहींचं वर्षभराने."

"आणि काहींचं?"

"काहींचं नाही येत."

नाकवाल्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. नाक गेल्यावर नाकवाल्यांत उरतं काय? नुसतं 'वाले'. वय चोपन्न. फवारा मारायला कंपनीत तिशीतली डझनभर माणसं पडली होती, आणि त्यांच्या पाठी अजून दुखत नव्हत्या. तेव्हा त्यांनी ठरवलं की वास येत नसला तरी येतोय असं वागायचं. झुरळाला ऊब, पाणी आणि पुठ्ठा एवढंच लागतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. उंबऱ्यावर उभं राहून डोळे मिटायच्या आधी ते खोलीवर एक नजर टाकून घ्यायचे. मोटर कुठे, नळ कुठे, खोकी कुठे. मग दोन श्वास. मग, "फ्रिजच्या मागे." दहांतल्या आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा ते म्हणायचे, "दोन दिवस थांबा, बाहेर येतील." कोणालाही काही कळलं नाही. बावीस वर्षांच्या नाकाचं काम डोळ्यांनी आणि थोड्या थापांनी भागत होतं. याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

हे वासाबरोबरच गेलं की नंतर गेलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. जेवताना मीठ कळायचं, आंबट कळायचं, तिखटाने जीभ भाजायची. बाकी सगळं एकसारखं, गरम आणि मऊ. पाऊस पडला तर ओलं व्हायला व्हायचं, एवढंच. तिसऱ्या महिन्यात मुलगी बाळाला घेऊन आली. बाळ सव्वा महिन्याचं होतं. तिने ते त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, डोक्याचा वास घ्या ना. तुम्ही सांगायचात ना, माझ्या डोक्याला गरम दुधाचा वास यायचा म्हणून." त्यांनी बाळाच्या टाळूला नाक लावलं. केस मऊ होते. "अगदी तुझ्यासारखाच," ते म्हणाले. मुलगी हसली, बायको हसली, आणि त्यांनी बाळ परत दिलं. थाप इतकी सहज निघाली की त्यांना स्वतःलाही ती थाप वाटली नाही.

बायको घरीच पडदे शिवायची. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. पूर्वी नाकवाले दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले की तिथूनच ओरडायचे, "अगं, आज लसूण जरा हात सोडून घातलायस!" आणि ती वरून ओरडायची, "जिन्यातच जेवून घेताय का?" लसूण हा त्यांचा जीव की प्राण. शेजाऱ्यांना त्या आरडाओरड्यावरून घड्याळ लावता यायचं. तापानंतर ते जिन्यातून ओरडेनासे झाले. त्याऐवजी ताटावर बसल्यावर, पहिला घास गिळला की म्हणायचे, "छान झालंय. लसूण मस्त लागलाय." रोज तेच वाक्य. पुसू नका, फवारा मारू नका, तसंच तेही एक वाक्य होऊन गेलं. बायको क्षणभर त्यांच्याकडे बघायची आणि जेवायला लागायची. हल्ली ती कमी बोलते आणि संध्याकाळी मशीन जास्त वेळ चालवते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

पिशवीचा नेम मात्र मोडला नव्हता. झुरळाची मादी अंडी एका डबीत घालते. डाळीच्या दाण्याएवढी तपकिरी डबी, आणि ती कुठल्याही शिवणीत अडकून परक्या घरी जाते. म्हणून या धंद्यातला शहाणा माणूस कामाची पिशवी तपासल्याशिवाय घरात नेत नाही. नाकवाले ती हुंगायचे. दाराबाहेर उभं राहून पिशवी उघडायची, कानापर्यंत तोंड आत घालायचं, लांब श्वास घ्यायचा, आणि "साफ आहे" म्हणून बायकोच्या हातात द्यायची. ती पिशवी फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवायची. "नवरे बायकोचं तोंड बघून घरात येतात, आमचे पिशवीचं बघून येतात," असं ती मैत्रिणींना सांगायची. तापानंतरही ते रोज पिशवीत तोंड घालत राहिले. न घालावं तर तिने कारण विचारलं असतं.

अशात एका सोमवारी मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दोन वेळा फवारणी होऊनही झुरळं जात नव्हती.

"मी सांगून बसलोय, आमचे नाकवाले येतील आणि दारातून बोट दाखवतील," मालक म्हणाले. "आता आपलं नाक तुमच्या हातात."

स्वयंपाकघर मोठं, उजेडाचं होतं. चाळीस माणसांची पातेली. तिथली स्वयंपाकीण पदार्थ ढवळता ढवळता थांबली आणि पुढे आली. पन्नाशीची, दंडावर भाजल्याच्या जुन्या खुणा, बोलायला सडेतोड.

"तुम्हीच का ते? दारातून ओळखणारे?"

"बघू या," नाकवाले म्हणाले. ते उंबऱ्यावर थांबले. मोठा फ्रिज समोर, त्याच्या बाजूला लाकडी कपाट, डावीकडे सिंक. डोळे मिटले. छोटा श्वास, लांब श्वास. "फ्रिजच्या मागे."

दोन माणसांनी फ्रिज ओढला. मागे धूळ आणि एक चमचा निघाला.

"हा चमचा गेल्या वर्षी हरवलेला," स्वयंपाकीण म्हणाली. "पुढे?"

"कपाटात. खालच्या खणात." खालच्या खणात साखरेची पोती होती, स्वच्छ. मग त्यांनी सिंकखाली पाहिलं, गॅसच्या नळीमागे पाहिलं. पुन्हा उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि पुन्हा डोळे मिटले. या वेळी बराच वेळ मिटले, कारण उघडल्यावर काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

"अहो," स्वयंपाकीण त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. "तुम्ही मला वेड्यात काढाल, पण मला घाण येते ती इथेच. तुम्ही उभे आहात ना, तिथे. गेला महिनाभर या दारातून जाता-येता नाक मुठीत धरते मी."

तिने हात लांब करून त्यांच्या डाव्या कानाजवळच्या स्विचबोर्डावर थाप मारली. फटीतून दोन मिशा बाहेर आल्या, हलल्या आणि आत गेल्या. मेन स्विच बंद करून नाकवाल्यांनी बोर्डाचे स्क्रू काढले. आत तारांना ऊब होती, आणि उबेला सगळं गणगोत चिकटून बसलेलं होतं. लहान, मोठी, डब्या पोटाला लावलेल्या माद्या. त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर.

"हं. तेच बघत होतो," ते म्हणाले.

स्वयंपाकिणीने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "सर्दी झालीय का तुम्हाला?"

"हो," नाकवाले म्हणाले. "सर्दीच आहे."

"काढा घ्या," ती म्हणाली आणि पातेल्याकडे वळली. त्यांनी थेंब ठेवले, बोर्ड बसवला, ठरलेली वाक्यं ठरलेल्या क्रमाने सांगितली. हात कापत नव्हते. घाम आला नव्हता. नाक कापलं गेलं असं म्हणावं तर कापलं गेल्याचं दुखलंही नव्हतं.

काम लवकर आटोपलं म्हणून ते चारच्या सुमाराला घरी पोचले. बायको पडदे पोचवायला गेली होती, दाराला कुलूप होतं. त्यांनी जिन्यात उभं राहून पिशवी उघडली, कानापर्यंत तोंड घातलं, श्वास घेतला आणि "साफ आहे" म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं. हे पुरतं म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आत जाऊन पिशवी खिळ्याला लावली आणि पाणी प्यायला ते ओट्यापाशी गेले. ओट्यावर एक झुरळ चाललं होतं. भर चार वाजता, खिडकीच्या उन्हात. पळत नव्हतं. आपल्याच घरातून आपण चाललोय अशा थाटात ते कडेकडेने गेलं आणि फ्रिजमागे उतरलं. नाकवाले हातात पेला धरून बघत राहिले. झुरळ दिवसा फिरायला लागलं की समजावं, आत जागा उरलेली नाही. त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांना कोणीतरी दुसऱ्याने म्हटल्यासारखं ऐकू आलं.

त्यांनी फ्रिज ओढला. मोटरीच्या आजूबाजूला झुरळांनी ठाण मांडलेलं होतं, बरोबर पिशवीच्या खिळ्याखाली. पण त्यांनी पाहिलं ते दुसरंच. भिंतीच्या कडेने पांढऱ्या गोळ्या ठेवलेल्या होत्या. पीठ, साखर आणि बोरिक पावडर मळून केलेल्या. प्रत्येक गोळी कोटाच्या मोठ्या बटणावर ठेवलेली, म्हणजे फरशीला चिकटू नये. काही गोळ्या वाळून भेगाळल्या होत्या, काही दोन दिवसांपूर्वीच्या असाव्यात. त्यांनी मोजल्या. बारा. आणि एकही गोळी अशी नव्हती की त्यांनी स्वतः ती वेगळ्या जागी ठेवली असती.

बायको आली ती दारातच थांबली. फ्रिज खोलीच्या मध्ये, नवरा जमिनीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात बटणांची रांग.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तिने पर्स टेबलावर ठेवली. "चार महिने झाले."

"सांगितलं नाहीस."

"तुम्ही कुठे काय विचारलंत?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चढायच्या बेतात होता. "रोज त्या पिशवीत तोंड घालून साफ आहे म्हणता. एकदा असंच साफ आहे म्हणून पिशवी माझ्या हातात दिलीत आणि आतून एक निघालं, माझ्या मनगटावरून खाली गेलं. तुमच्या डोळ्यांदेखत नसेल, नाकादेखत तरी होतं ना?"

"मग?"

"मग काय मग? मला वाटलं, तुम्हाला सगळं कळतंय आणि तुम्हाला पडलेलं नाही. लोकांच्या घरातली मारायची, आपल्या घरातली असू देत. दिवसभर बायकोच तर राहते तिथे. आणि बाहेर तरी कोणाला सांगणार? नाकवाल्यांच्या घरी झुरळं! अख्ख्या कॉलनीने हसून घेतलं असतं. म्हणून बसले आपली गोळ्या वळत. तुम्ही कामावर गेलात की ठेवायच्या, गरम पाणी ओतायचं, चपलेने मारायची."

नाकवाल्यांनी पुढ्यातलं एक बटण उचललं आणि परत रांगेत ठेवलं.

"आणि लसूण," ती म्हणाली.

"लसणाचं काय?"

"चार महिने कशातही लसूण घातलेला नाही मी. एक पाकळी नाही. मुद्दामच. म्हटलं, बघू या काय म्हणतात. भांडतील, ताट सरकवतील, काहीतरी करतील. तर तुम्ही रोज आपले, छान झालंय, लसूण मस्त लागलाय." तिने त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली की त्यांना मान खाली घालावी लागली. "आधी वाटलं टोमणा मारताय. मग कळलं, टोमणाही नाही. गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोलताय माझ्याशी. आणि तुमच्याबरोबर मीही ते बिनलसणाचं गिळतेय चार महिने. मलाही आवडतो ना लसूण!"

आता सांगितलं नाही तर पुढे कधीच सांगता येणार नाही, एवढं त्यांना समजलं. भीती वगैरे काही वाटली नाही. फक्त शब्द जड झाले होते, ओल्या पोत्यासारखे, आणि एकेक उचलून ठेवावा लागत होता.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"कशाचा?"

"कशाचाच. तापापासून."

ती उभी होती ती खुर्चीवर बसली. तिचे डोळे फ्रिजवरून पिशवीवर गेले, पिशवीवरून ओट्यावर. मागचे आठ महिने ती दिवसादिवसाने उलटे मोजत असावी. मग तिने फक्त एकच गोष्ट विचारली.

"बाळाचाही नाही?"

"नाही."

तिने तोंडाला पदर न लावता, हात न लावता, तशीच समोर बघत रडायला सुरुवात केली. नाकवाले तिच्याकडे बघत बसले. आपल्यालाही रडू यायला हवं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग उठून तिच्यासाठी पाण्याचा पेला भरला, आणि तिने तो घेतला.

संध्याकाळी दोघांनी मिळून स्वयंपाकघर रिकामं केलं. डबे बाहेरच्या खोलीत, पातेली पलंगावर. नाकवाल्यांनी सिरिंज भरली आणि फ्रिजच्या मोटरीपाशी पाच थेंब ठेवले. मग ते थांबले.

"आता तू सांग."

"मी काय सांगू?"

"आणखी कुठे आहेत ते. मला कुठे कळतंय?"

ती दारापाशी गेली. उंबऱ्यावर उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते न सुचून पाठीमागे बांधले आणि डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. "हसू नका हं."

"हसत नाहीये."

छोटा श्वास. लांब श्वास. ती चालू लागली, ओट्यावरून पुढे, भांड्यांच्या फळीवरून पुढे, आणि खिडकीपाशी वाकली. "शी! माझ्या मशीनमध्ये!" मशीनखालच्या खणात दोऱ्याच्या रिळांमागे पाच-सहा निघाली. त्यांनी तिथे थेंब ठेवला. पुढे गॅसच्या शेगडीखाली एक, घड्याळामागे एक. ती दाखवायची, ते ठेवायचे.

"कसा येतो गं वास?" त्यांनी मध्येच विचारलं.

"घाण."

"घाण म्हणजे कशी?"

तिने पुन्हा नाक वर करून पाहिलं. "जुन्या तेलाचा डबा असतो ना, तसा. आणि ओला पुठ्ठा. आणि त्यात आणखी काहीतरी... गोडसर."

"बरोबर," नाकवाले म्हणाले. तो वास अजून होता तर. त्यांच्यापुरता गेला होता, पण जगातून गेला नव्हता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुठल्याशा गोष्टीने त्यांना थोडं बरं वाटलं, आणि ती गोष्ट झुरळाची घाण असावी याचं हसूही आलं. ते तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मालकांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मालक चहा पीत होते. पेला तोंडाशीच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

"वृद्धाश्रमातून फोन आला होता," मालक म्हणाले. "सर्दी असून आले, दारातच शोधून काढली, म्हणाले. खूश आहेत लोक."

"ती त्या बाईंनी शोधली."

"असू दे हो. नाक गेलं तर गेलं. गिऱ्हाइकाला नाक नको असतं, तुमचे ते उंबऱ्यावरचे दोन श्वास हवे असतात. ते घेत राहा. कागदावर नाव छापलंय, ते तसंच राहील." त्यांनी उरलेला चहा संपवला. "कोणाला बोलू नका म्हणजे झालं."

म्हणजे ज्याच्यासाठी आठ महिने जीव मुठीत धरला, त्याची इथे कोणाला गरजच नव्हती. कदाचित कधीच नव्हती. हे नाक जाण्यापेक्षा वाईट होतं, आणि ते कुठेतरी दुखायला हवं होतं. नाकवाले "बरं" म्हणाले, पिशवी उचलली आणि कामाला गेले. त्या दिवशी तीन घरं होती. तिन्ही उंबऱ्यांवर त्यांनी दोन-दोन श्वास घेतले.

घरची झुरळं सतराव्या दिवशी संपली. बायकोने तोवर काहीही पुसलं नाही, नियम तिला पाठ होते. बटणं तिने धुऊन परत डब्यात टाकली. पिशवी आता ती हुंगायची. ते दाराबाहेर पिशवी उघडून धरायचे, ती आत तोंड घालायची, मग नखाने शिवणी उलटून बघायची, आणि "साफ आहे" म्हणायची. एक दिवस म्हणाली, "थांबा," आणि खिशाच्या शिवणीतून एक तपकिरी डबी काढून जिन्यातच पायाखाली चिरडली. त्यानंतर ते घरात आले.

त्या रात्री जेवताना तिने ताट पुढे ठेवलं आणि म्हणाली, "आज लसूण घातलाय."

त्यांनी घास घेतला. मीठ कळलं. तिखट कळलं. बाकी गरम आणि मऊ. छान झालंय, हे वाक्य सवयीने ओठापर्यंत आलं. त्यांनी ते घासाबरोबर गिळलं.

"काही कळतंय?" तिने विचारलं.

"नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, पूर्वी बघायची तसं, पण या वेळी ती बघत राहिली. मग तिने स्वतःचं ताट जवळ ओढलं आणि एक मोठा घास घेतला.

"मला कळतोय," ती म्हणाली. "जरा जास्तच झालाय."

"हात सोडून घातलास?"

"हो."

"कसा लागतोय, सांग ना," ते म्हणाले. आणि ती घास चावता चावता सांगायला लागली.